मदत हवी आहे : कांद्याचे भाव रोज कळतात, पण विकायचा की ठेवायचा ते ठरत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही निफाड तालुक्यातले. एप्रिलमध्ये काढलेला साधारण 180 क्विंटल उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) आहे. नानांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून यंदा हिशेब माझ्याकडे आलाय.

फोनवर भावाचे पाच ग्रुप आहेत. मागच्या सोमवारी मेसेज आला, ‘कमाल 2,150’, म्हणजे क्विंटलला सगळ्यात जास्त भाव 2,150 रुपये. मी लगेच ट्रॉली भरायला लावली. आमचा माल 1,480 ने गेला. नानांनी पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) घडी करून खिशात ठेवली, एक शब्द बोलले नाहीत. मला ते फार लागलं. मग कळलं की तो भाव एक-दोन नगांनाच (गाड्यांनाच) मिळाला होता, सर्वसाधारण भाव, म्हणजे बहुतेक मालाला मिळालेला, 1,500 च्या आसपासच होता. म्हणजे मेसेज खोटा नव्हता, पण आमच्या मालाबद्दल त्यात काहीच नव्हतं.

उशिरा कळल्याचा फटकाही खाल्लाय. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी लागली, तेव्हा लाल कांदा भरून निघालो आणि पोचेपर्यंत लिलाव बंद.

आता वहीत सर्वसाधारण भाव, आवक, ट्रॉलीभाडं लिहिते. आणखी काय लिहू? चाळीतली घट कशी धरता?

उत्तर :
ताई, घट अंदाजाने धरू नका. दोन-तीन क्रेट वजन करून चाळीत ठेवा, दर पंधरा दिवसांनी सडका काढून पुन्हा वजन करा. आज भाव 1,500 आहे आणि महिन्यात दहा टक्के घट झाली, तर पुढच्या महिन्यात 1,667 मिळाला तरच आजच्याइतके पैसे होतात. हा आकडा वहीत सगळ्यात वर लिहा.

दुसरं, जुन्या पट्ट्या काढा. प्रत्येकीपुढे त्याच बाजारातला त्या दिवसाचा सर्वसाधारण भाव लिहा. ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर मागच्या तारखांचे भाव मिळतात. तुमचा माल नेहमी किती वर-खाली जातो ते त्यातून दिसेल. ग्रुपवर ते कोणी सांगणार नाही.

धागाकर्ती :
खूप आभार दादा. नानांच्या पेटीत 22 पट्ट्या निघाल्या, आज रात्रीच बसते. गोल्टीच्या (बारीक कांद्याच्या) पट्ट्या वेगळ्या धरू ना? आणि आता चाळीतून क्रेट भरले तर चालतील का, की भरतानाच ठेवायला हवे होते?