मदत हवी आहे: ८ एप्रिलच्या खग्रासला गावात गाड्या कुठे लावायच्या?? (अर्जंट)

रानजाई
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. ८ एप्रिलला (२०२४) आमच्या गावात खग्रास सूर्यग्रहण आहे. गावच्या मीटिंगमध्ये मी नुसतं म्हटलं की काहीतरी तयारी करायला हवी, तर पार्किंग आणि ट्रॅफिक दोन्ही माझ्याच गळ्यात मारलं. शाळेचं मैदान आहे, एका शेतकऱ्याचं मोठं कुरण आहे, चौक एकच. पोर्टा पॉटीवाले (तात्पुरते टॉयलेट भाड्याने देणारे) फोन उचलत नाहीत, उचलला तर सगळं बुक झालंय म्हणतात. लोक किती येतील हे कोणी धड सांगत नाही, एक म्हणतो पाचशे, दुसरा म्हणतो पाच हजार. वर बॉस्टनच्या मंडळाचे फोन, आम्ही येतोय, जागा धरून ठेव!! आधी असलं काही कोणी केलंय का? काय करायचं असतं? गुगलून झालंय, लिंका नकोत, सरळ सांगा. शुक्रवारी परत मीटिंग आहे.

टपरीवरचा_चहा
गाव कुठलं ते लिहा की. खग्रास दिसणारा पट्टा अमेरिकेत टेक्सासपासून मेनपर्यंत आहे. आणि पट्ट्यात आहात हे नक्की तपासलंय ना? माझा मेव्हणा २०१७च्या ग्रहणाला ९९ टक्के म्हणजे झालंच की असं म्हणून घरीच बसला, अंधार काही झाला नाही, अजून सगळे त्याला ऐकवतात.

रानजाई
व्हर्मॉन्ट. उत्तरेकडे. पट्ट्यात नसतो तर मीटिंग कशाला घेतली असती? बॉस्टन लिहिलंय वर, कळेल असं वाटलं.

खगोलवेडा
ताई, सर्वप्रथम अभिनंदन, घरबसल्या खग्रास मिळतंय!! आम्ही १९९५ला पुण्याहून पार राजस्थानात नीम का थान्याला गेलो होतो, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, एक मिनिटसुद्धा नाही पण आयुष्यभर पुरलं. मग १९९९ला कच्छ, ढग. २००९ला बिहारात तारेगना, त्या छोट्याशा गावात ही गर्दी, मुख्यमंत्रीसुद्धा आलेले, आणि परत ढग. त्यामुळे माझा सल्ला विचाराल तर आधी ढगांचा हिशोब करा. एप्रिलमध्ये तुमच्याकडे आभाळ मोकळं मिळायचा चान्स फार कमी, आकडेवारी टेक्सासच्या बाजूने आहे. मी तर तुमच्या जागी असतो तर तिकडेच गेलो असतो.

रानजाई
काका मी पार्किंगची व्यवस्था करतेय आणि तुम्ही मला गाव सोडून टेक्सासला पाठवताय!

ओरेगनवासी
मी २०१७ला मॅड्रसला होतो, ओरेगनमधलं, आपल्या चेन्नईशी काही संबंध नाही. सहा-सात हजार वस्तीचं गाव आणि अंदाज होता लाखभर लोकांचा. दोन गोष्टी सांगतो. एक, जाम ग्रहणाच्या दिवशी लागेल अशी सगळ्यांची समजूत, पण पहिला मोठा जाम काही दिवस आधीच लागला, प्राइनव्हिलच्या बाजूला एक म्युझिक फेस्टिव्हल होता त्याच्या गाड्यांनी. दोन, लोक येताना तीन-चार दिवसांत सावकाश येतात, निघताना मात्र खग्रास संपून सूर्याची कड दिसली रे दिसली की सगळे एकाच वेळी किल्ली फिरवतात. आम्ही मॅड्रसमधून बाहेर पडायलाच कित्येक तास घेतले. वायोमिंगमध्ये तर त्या दिवशी ग्लेंडोहून डेनव्हरला जाणाऱ्यांची आय-२५ हायवेवर रात्र झाली. येण्याचं टेन्शन घेऊ नका, जाण्याचं घ्या.

चष्मेबद्दूर
हा सगळा बाऊ आहे. २०१७ला कितीतरी गावांनी पाण्याचे ट्रक मागवले, शेतं कॅम्पिंगला भाड्याने काढली आणि अंदाजाच्या निम्मेसुद्धा लोक आले नाहीत. शेतकरी बिचारे हात चोळत बसले. पाचशे धरा आणि शांत झोपा.

ओरेगनवासी
निम्मे आले तरी गावाच्या कैकपट असतात हो. पाचशे धरून पाच हजार आले तर काय करणार ते सांगा.

चष्मेबद्दूर
पोलिसांना फोन.

रानजाई
गावात पोलीसच नाहीत. शेरीफचा एक माणूस येतो, तो पण शेजारच्या तीन गावांत वाटलेला.

बंदोबस्तवाला_सातारकर
ताई मी पोलिसात होतो, आता रिटायर. आषाढीला पंढरपुरात बरेच वर्षं बंदोबस्त केलाय. तिथे लाखो लोक येतात, तुमचे पाच हजार म्हणजे काहीच नाही. नियम एकच, गाडी गावात शिरू द्यायची नाही. वेशीबाहेर चारही बाजूंना तळ करा, तिथून चालत नाहीतर बसने आणा. गावातला रस्ता एकेरी करा. चौकात एक माणूस शिट्टी घेऊन उभा करा, पण एकच, दोन शिट्ट्या वाजल्या की पब्लिक गोंधळतं. आणि रिकामी गाडी चौकात अडवली तर टोचन करून न्यायची.

टपरीवरचा_चहा
सातारकर, व्हर्मॉन्टमध्ये चारी बाजूंना डोंगर असतात, तळ कुठे करणार? ताई, गावात शिरायचे रस्ते किती आहेत ते सांगा. पक्के किती, कच्चे किती?

रानजाई
पक्के दोन. कच्चे बरेच. आणि एक लाकडी झाकलेला पूल आहे, वर छप्पर असलेला, आतली उंची जेमतेम नऊ फूट, पण तो सगळ्यांना माहितीये.

टपरीवरचा_चहा
सगळ्यांना म्हणजे गावातल्यांना! बाहेरच्यांना जीपीएस सांगतं तेवढंच माहिती. लिंडनच्या झाकलेल्या पुलाला अजून दर थोड्या दिवसांनी ट्रक डोकं आपटतो, पाट्या लावल्यात तरी. जाम लागला की फोनच लोकांना त्या पुलावर आणि कच्च्या रस्त्यांवर वळवणार. आता सातारकरांच्या बसेस पुलातून जाणार कशा?

पाटबंधारे_पाटील
मी इथे ट्रॅफिक इंजिनिअर आहे (धरणं सोडून बरीच वर्षं झाली, आयडी तोच राहिला). पुलाच्या दोन्ही तोंडांना बॅरिकेड लावून तो त्या दिवसापुरता बंद करून टाका. ठराव शुक्रवारीच घ्या, आयत्या वेळी कोणी ऐकत नाही. आता कुरणाबद्दल. एका एकरात मधले रस्ते सोडून शंभर-सव्वाशे गाड्या बसतात. पण गाड्या किती बसतात याला महत्त्व नाही, सुटतात किती याला आहे. एका गेटमधून स्टॉप साइनवर मिनिटाला सात-आठ गाड्या निघतात, तेही बाहेरचा रस्ता वाहता असेल तर. म्हणजे सहाशे गाड्यांना सव्वा ते दीड तास. दोन गेट काढा, दोन्हीकडून फक्त उजवीकडे वळू द्या. डावं वळण बंद केलं की अर्धी भांडणं मिटतात, ज्याला डावीकडे जायचंय त्याने पुढे जाऊन यू-टर्न घ्यावा. आणि ॲम्ब्युलन्स, फायरची एक-एक गाडी चौकाच्या दोन्ही बाजूंना आधीच उभी करून ठेवा, एकाच बाजूला ठेवलीत तर ती दुसरीकडे पोचणार नाही.

एक विचारायचं राहिलं. कुरणात खाली काय आहे? खडी टाकलीये का?

रानजाई
कुरण आहे हो, गवत. आत्ता बर्फ आहे वर.

पाटबंधारे_पाटील
अहो ताई!! एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे मड सीझन असतो ना? तुमच्या राज्यात निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत. वरचं बर्फ वितळतं, खालची जमीन अजून गोठलेली, पाणी जिरत नाही, वर नुसता काला. त्यात सहाशे गाड्या घातल्या तर संध्याकाळी ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागतील.

रानजाई
मड सीझन आहेच की. दरवर्षीच असतो. आम्ही गाडी कुठे घालायची नाही ते ओळखतो.

पाटबंधारे_पाटील
तुम्ही ओळखता. न्यू जर्सीहून सेडान घेऊन आलेला माणूस ओळखणार नाही. कुरण रद्द करा. शाळेचं डांबरी अंगण, चर्च, फायर स्टेशनमागची जागा, पक्क्या रस्त्याची एक कड, एवढंच मोजा. जे मोजून होईल तो तुमचा आकडा. तो भरला की वेशीवर 'पार्किंग फुल' ची पाटी आणि पुढच्या गावाचं नाव. कच्च्या रस्त्यांच्या तोंडाला 'फक्त रहिवासी'. किती लोक येतील हा प्रश्नच सोडून द्या, किती मावतात ते ठरवा.

बंदोबस्तवाला_सातारकर
आम्हीपण तेच सांगत होतो.

चष्मेबद्दूर
नाही सांगत होता.

आज्जीचा_बटवा
अवांतर आहे पण विचारते. त्या दिवशी सोमवती अमावास्या आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. भारतात ग्रहण दिसणार नाही म्हणून आमच्याकडे वेध नाहीत, पण तिकडे तर दिसणार, मग तुमच्याकडे वेध पाळायचे का? पुरण आदल्या दिवशी शिजवून ठेवलं तर चालेल का? सुनेला विचारलं तर हसते.

मुक्कामपोस्ट_नाशुआ
काकू आम्ही तर श्रीखंड घेऊन जाणार आहोत आणि सावलीत खाणार आहोत, चंद्राच्या.

खगोलवेडा
हेच चालू असतं! १९८०ला भरदिवसा रस्ते ओस पडले होते, लोक खिडक्यांना पडदे लावून बसलेले. आता लोक मैलोनमैल जातायत ग्रहण बघायला तर आपण वेधात अडकलोय.

आज्जीचा_बटवा
मी फक्त पुरणाचं विचारलं.

फोकस_पोकस
सोलर फिल्टर लेन्सच्या पुढे लावायचा, आयपीसमागे नाही. खग्रास सुरू झालं की काढायचा, हिऱ्याची अंगठी (सूर्याचा पहिला लखलखता ठिपका) परत दिसली की लगेच लावायचा. ट्रायपॉडला वजन टांगा.

रानजाई
हे कोणी विचारलं? माझे टॉयलेट राहिले. कोणी बोलतच नाहीये.

ओरेगनवासी
शंभर माणसांना एक असा ढोबळ हिशोब इव्हेंटवाले लावतात, चार-पाच तास असतील तर. भाड्याने देणाऱ्यांकडे संपले असतील तर बांधकामवाल्यांना विचारा, एप्रिलमध्ये तिकडची कामं अजून सुरू झालेली नसतात, त्यांचे यार्डात पडलेले असतात. शाळेचे उघडून देऊ नका मात्र. लहान गावात ड्रेनेज नसतं, सेप्टिक टाकी असते, ती शंभर-दोनशे पोरांच्या हिशोबाची. दुपारपर्यंत हजार लोकांनी वापरली तर मंगळवारी शाळा भरणार नाही.

मुक्कामपोस्ट_नाशुआ
रानजाई ताई, आम्हा मंडळवाल्यांचं काय ठरलं? साडेतीनला खग्रास, पाचला निघालो तर नऊपर्यंत घरी, पाडव्याची तयारी करायचीय.

पाटबंधारे_पाटील
पाचला निघालात तर नऊपर्यंत फ्रँकोनिया नॉचला (न्यू हॅम्पशरमधली खिंड) पोचाल. तिथे आय-९३ हायवे दोन्ही बाजूंना एकेका लेनचा होतो आणि अर्धं न्यू इंग्लंड त्याच नळीतून खाली उतरणार. एकतर मुक्काम करा नाहीतर रात्रीचं जेवण करूनच निघा. टाकी येताना भरून आणा, तिथल्या एकुलत्या पंपावर अवलंबून राहू नका. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, नेटवर्क झोपणार. रोख पैसे ठेवा. आणि ताई, खग्रासनंतर गावाने काहीतरी ठेवाच. बँड, सूप, पोरांचे खेळ, काहीही. लोक दोन तास रेंगाळले की तुमचा चौक वाचला.

रानजाई
हे बरं सुचवलंत. चर्चमध्ये दर महिन्याला बीन्सचं जेवण असतं, ते त्याच संध्याकाळी घ्यायला सांगते. कुरणाचं शेतकऱ्याला कसं सांगू पण? त्याने गाडीमागे वीस डॉलरचा हिशोब केलाय.

टपरीवरचा_चहा
कॉफी आणि मेपलचं काहीतरी विकायला लावा त्याला, जास्त कमवेल. मार्च-एप्रिल म्हणजे मेपलचा रस उकळायचा सीझनच ना.

रानजाई (१० एप्रिल)
बरेच जण विचारताय म्हणून लिहिते. पूल बंद ठेवला, कुरण बंद ठेवलं, शेतकरी आधी रुसला मग त्याने सिरपचं टेबल टाकलं आणि दुपारपर्यंत बाटल्या संपल्या. शनिवारपर्यंत फार चौकशी नव्हती, मग अंदाज आला की इकडे आभाळ मोकळं आणि टेक्सासला ढग, आणि फोन थांबेचनात. सकाळी अकराच्या सुमाराला 'पार्किंग फुल' लावलं. दोन गाड्या तरी पाटी ओलांडून कच्च्या रस्त्यावर गेल्याच, एक ट्रॅक्टरने काढली. आभाळ निळंशार. बीन्सच्या जेवणाला रांग चर्चच्या बाहेर आली होती, आमचा चौक सहानंतर हलला पण अडला कुठे नाही. राज्यात एक लाख साठ हजारांच्या आसपास लोक आले असं म्हणतायत, आमची अख्ख्या राज्याची वस्ती साडेसहा लाख. पाटील, तुमच्या उजव्या वळणाला गावकऱ्यांनीच जास्त शिव्या घातल्या, बाहेरच्यांनी नाही.

मुक्कामपोस्ट_नाशुआ
आम्ही पाचला निघालो. रात्री दोनला घरी. गुढी उभारली सकाळी, पण डोळे मिटलेले. श्रीखंड मात्र नॉचमध्ये गाडीतच संपलं, शेजारच्या गाडीतल्यांनापण दिलं.

पाटबंधारे_पाटील
सांगितलं होतं.

खगोलवेडा
माझा टेक्सासचा ग्रुप ढगात. यावर मी काही बोलणार नाही. पुढचं १२ ऑगस्ट २०२६, स्पेन. कोण येतंय? तिथे खग्रासच्या वेळी सूर्य पार मावळतीला टेकलेला असेल, त्यामुळे पश्चिम मोकळी असलेलं एखादं टेकडीवरचं खेडं बघायला पाहिजे.

रानजाई
स्पेनचा वेगळा धागा काढा. आणि त्या खेड्यात कोणाला तरी आत्तापासून फोन करून रस्ते किती आहेत ते विचारा.