एडमंडला इतक्या सहज क्षमा कशी मिळते?

पिंपळपान
आमच्या वाचनगटात आठवी-नववीच्या मुलांबरोबर सी. एस. लुईस यांची ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ (१९५०) ही कादंबरी चालू आहे. लंडनवरील हवाई हल्ल्यांमुळे एका वृद्ध प्राध्यापकांच्या घरी पाठवलेली चार भावंडे कपाटातून नार्निया या जादुई देशात पोहोचतात आणि त्यांतला एडमंड टर्किश डिलाइट या मिठाईपायी व राजपदाच्या लोभाने आपल्याच भावंडांचा ठावठिकाणा श्वेत चेटकिणीला सांगतो. तिच्या तावडीतून सुटल्यावर नार्नियाचा खरा राजा, सिंह असलान, त्याला बाजूला घेऊन बोलतो, पण ते बोलणे वाचकाला ऐकू येत नाही. मग एडमंड प्रत्येकाची माफी मागतो, प्रत्येक जण ‘असू दे’ म्हणतो आणि प्रकरण मिटते. गटातल्या एका मुलीने ठामपणे सांगितले की तिच्या भावाने असे केले असते, तर तिने इतक्या सहज माफ केले नसते. मलाही हा प्रसंग उरकल्यासारखा वाटतो. आपले मत काय?

माजघर
माफीचा प्रसंग आखूड आहे हे खरे, पण क्षमेची सुरुवात तिथे होत नाही. एडमंडचा पश्चात्ताप त्याआधीच, चेटकीण मेजवानीला बसलेल्या लहान प्राण्यांना दगड बनवते तेव्हा सुरू होतो. स्वतःखेरीज दुसऱ्या कोणाबद्दल त्याला वाईट वाटण्याची कथेतली ती पहिलीच वेळ आहे, असे लेखक स्पष्ट लिहितो.

त्याहून महत्त्वाचा मला थोरला भाऊ पीटर वाटतो. असलान एडमंडविषयी विचारतो तेव्हा आपण त्याच्यावर रागावलो होतो आणि त्यामुळेही तो वाईट मार्गाला लागला असावा, असे पीटर आपण होऊन कबूल करतो. असलान त्यावर त्याला दोषही देत नाही आणि दोषमुक्तही करत नाही. थोरल्या भावाने आपला वाटा उचलल्यावर धाकट्याला परत येण्यासाठी जागा होते, आणि ती जागा एडमंड पोहोचण्यापूर्वीच झालेली असते, म्हणून पुढची माफी एका वाक्यात भागते. त्या मुलीला हे पान पुन्हा वाचायला सांगा.

नदीकाठ
पीटरबद्दल सहमत आहे, पण धाकट्या बहिणीचा, लूसीचा, प्रश्न वेगळा आहे. माझ्या मते एडमंडचा सर्वांत क्रूर अपराध चेटकिणीकडे जाणे हा नाही. स्वतः नार्निया पाहून आल्यावरही त्याने ‘आम्ही नुसता खेळ खेळत होतो’ असे सांगून धाकट्या बहिणीला सर्वांसमोर खोटे पाडले, हा आहे. चेटकिणीच्या बाबतीत मंतरलेल्या मिठाईचा प्रभाव तरी होता. इथे केवळ खुनशीपणा होता.

त्याची भरपाई पुढच्या ‘प्रिन्स कॅस्पियन’मध्ये (१९५१) होते. लूसीला एकटीलाच असलान दिसतो आणि कोणी विश्वास ठेवत नाही, तेव्हा मागच्या वेळी आपणच तिच्याशी सर्वांत वाईट वागलो आणि शेवटी तीच खरी ठरली, हे सांगून एडमंड तिच्या बाजूने मत देतो. ‘द हॉर्स अँड हिज बॉय’मध्ये (१९५४) कैद केलेल्या शत्रू राजपुत्र रबादाशविषयी बोलताना, विश्वासघातकीही सुधारू शकतो, आपण असा एक जण पाहिला आहे, असे तोच म्हणतो. क्षमा मिळालेल्या माणसाने आयुष्यभर काय केले हे पाहायचे, तर ही पुस्तके एकत्रच वाचावी लागतात.

पिंपळपान
पीटरचे पान आम्ही वाचले होते, पण मी त्यावर थांबलो नव्हतो. या आठवड्यात तेच घेईन. एक शंका उरते. असलानने एडमंडच्या बदल्यात शिळेवर प्राण दिले हे त्याला सांगावे, असे लूसीला वाटते आणि थोरली बहीण सुझन तिला अडवते. त्याला कळायला हवे होते का?

माजघर
मला लूसी बरोबर वाटते. कोणी किती सोसले हे माहीत नसताना मिळालेली क्षमा माणूस पूर्णपणे स्वीकारू शकत नाही. सुझनची भीतीही खरी आहे, कारण ते ओझे एका लहान मुलाला पेलणे कठीण आहे. त्यांचे बोलणे मध्येच तुटते आणि लेखक निकाल देत नाही. मुलांना आपापल्या बाजूने मांडणी करू द्या.