जुना पांढरा मोतीबिंदू, डोळा लाल, डोळ्यातला दाब ५२ मिमी पारा: पायलोकार्पिन (बाहुली आकसवणारा थेंब) द्यावं का?

प्रश्न: सत्तरीच्या पेशंटचा एका डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकलाय. तीन दिवस डोळा ठणकतोय, उलट्या होतायत. पारपटल गढूळ असल्याने आतलं नीट दिसत नाही. भिंग फुगलंय की पाझरतंय, हे कसं ओळखायचं?

उत्तर १: पायलोकार्पिन नको. भिंग फुगलं असेल तर ते आणखी पुढे सरकतं, पाझरत असेल तर दाह वाढतो.

आधी भुलीचा थेंब, मग ग्लिसरीनचा. पारपटल थोडा वेळ निवळतं, तेवढ्यात पुढच्या कप्प्याची खोली पाहून घ्या. कप्पा उथळ, बाहुली अर्धवट विस्फारलेली आणि उजेडाला न हलणारी, तर भिंग फुगलंय. कप्पा खोल, दाट फ्लेअर (कप्प्यातल्या पाण्याचा प्रथिनांमुळे आलेला धूसरपणा), चकाकणारे कण, भिंगाच्या पिशवीवर सुरकुत्या, तर पाझर. पाझरात भिंगातली प्रथिनं आणि ती गिळून फुगलेल्या पेशी डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याची जाळी बुजवतात.

दुसरा डोळा तपासाच. तिथेही कप्पा उथळ असेल तर मुळातच कोन (निचऱ्याची जाळी असते ती कड) अरुंद असण्याची शक्यता आहे.

उत्तर २: उलट्यांमुळे दाब उतरवायची गोळी टिकणार नाही. २० टक्के मॅनिटॉल (डोळ्यातलं पाणी ओढून दाब उतरवणारं औषध), किलोमागे १ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ३०० मिली, ३० ते ४५ मिनिटांत शिरेतून. हृदय आणि किडनी आधी बघा. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी तुंबते, हे हमखास विसरलं जातं. पुढे उलट्या थांबल्या की दाब उतरवणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी २५० मिग्रॅ दिवसातून चार वेळा (सल्फाची ॲलर्जी विचारून), दाबासाठी टिमोलॉलचे थेंब ०.५ टक्के दोनदा (दम्यात नाही), दाहासाठी प्रेडनिसोलोनचे थेंब १ टक्का तासातासाला.

प्रश्नकर्ता: दाब २४ वर आला तर ऑपरेशन महिनाभर पुढे ढकललं तर चालेल?

उत्तर ३: नाही. औषधांनी फक्त वेळ मिळतो, कारण भिंगातच आहे. दाब उतरला की एक-दोन दिवसांत भिंग काढा. मात्र चढलेल्या दाबावर डोळा उघडू नका, दाब एकदम कोसळून आत रक्तस्राव होऊ शकतो. आधी बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) करा आणि उजेड कोणत्या बाजूने येतो हे पेशंटला कळतंय का, ते नोंदवा. नजर किती परतेल हे डोळ्याच्या नसेवर ठरतं, त्यामुळे नातेवाइकांना ऑपरेशनआधीच स्पष्ट सांगा.

ऑपरेशनमध्ये भिंगाची पिशवी ट्रायपॅन ब्ल्यूने (निळा रंग) रंगवा. फुगलेल्या भिंगात आतलं पाणी दाबाखाली असतं, पहिल्याच छेदाला पिशवी कडेपर्यंत फाटते. म्हणून आधी बारीक सुईने ते पाणी ओढून घ्या.