मदत हवी आहे : प्राण्यांच्या दत्तक केंद्रात लोक येतात, पण जाळीपासूनच परत जातात

कळंबारोड
लवकर सांगा प्लीज, रविवारी परत लोकांना बोलावलंय. दोन महिने झाले केंद्र सुरू करून. माणसं येतात, जाळीशी उभी राहतात, की सगळे एकदम भुंकायला लागतात. पोरं आईच्या मागं लपतात. "घरी विचारून सांगतो" म्हणून जातात ते जातातच. भिंती रंगवल्या, दिवसातून दोनदा फिनेल मारते. अजून काय करू?

पंचगंगेकाठी
कुत्री की मांजरं? किती? लसी झाल्यात? जागा केवढी? हे काहीच लिहिलं नाहीसा ताई.

सकाळचा_फेरा
शेडचा नाद सोडा. पिल्लं घेऊन सकाळी सहाला रंकाळ्यावर या. फिरायला आलेली माणसं स्वतःहून जवळ येतात. आम्ही एका सकाळी चार पिल्लं दिली.

जुना_राजारामपुरीकर
आणि त्यातली किती जगली? मी असंच रस्त्यावरच्या शिबिरातून पाच आठवड्यांचं पिल्लू आणलं होतं. आठव्या दिवशी रक्ताची हगवण, पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्ग. सलाईन लावून तीन रात्री मांडीवर घेऊन बसलो, गेलं. आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नये आणि लस नसलेलं पिल्लू गर्दीत जमिनीवर ठेवू नये. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो.

सकाळचा_फेरा
आमची मांडीवर घेतलेली असतात, जमिनीवर नाही. सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका.

हिशेबनीस
आधी ट्रस्ट नोंदवा, मग आयकर खात्याकडं नोंदणी करून घ्या. देणगीदाराला करात सवलत मिळते.

पंचगंगेकाठी
देणगीचं कुणी विचारलंय का ओ? ताई, आकडे सांगा.

कळंबारोड
19 कुत्री, 6 मांजरं, एकच पत्र्याचं शेड. मोठ्या कुत्र्यांची नसबंदी, रेबीजची लस झालीय. आजारी कुत्र्यांचा कप्पा दाराजवळ आहे, कारण पाण्याचा नळ तिथंच आहे.

मांजरवेडी
हे आधी सांगायचं न्हवं! फिनेल मांजरांना विषारी असतं. फरशीवरनं चालतात, पंजे चाटतात, पोटात जातं. आजच बंद करा. मांजरांना भिंतीआड, उंचावर फळ्या ठोकून जागा द्या. समोर 19 कुत्री भुंकताना मांजर खोक्यातनं बाहेर येणारच नाही, मग माणसाला दिसणार काय?

जुना_राजारामपुरीकर
फिनेलचा पार्व्होवर भरवसाही नाही. आधी घाण धुऊन काढा, मग ब्लीच, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं तसंच राहू दे. फिनेलमध्ये मिसळू नका. आजारी कप्पा सगळ्यात मागं, भांडी आणि चपला वेगळ्या. नवीन आलेलं जनावर 14 दिवस बाजूला. दारातच सलाईन लावलेलं कुत्रं दिसलं तर घरात लहान मूल असलेली आई पुढं येईल कशी?

पंचगंगेकाठी
आणि सगळी एकदम दाखवू नका. जाळीला खालून कमरेएवढं पोतं बांधा, नजरेला नजर भिडली की भुंकणं वाढतं. बाजूला सतरंजी टाकून एक शांत कोपरा करा. माणसाला आधी बसवा, चहा द्या, घरी कोण कोण आहे, दिवसभर घर बंद असतं का ते विचारा, मग एकच कुत्रं आणा. फॉर्मवर परत आणायची सोय ठळक लिहा. म्हणजे, "रस्त्यावर सोडू नका, आम्हाला द्या". 22 ऑगस्ट 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशातही दत्तक घेतलेलं कुत्रं परत रस्त्यावर जाता कामा नये असंच आहे.

घरी_लॅब
आमच्या लॅब्राडॉर कुत्र्याचे केस लई गळतात, उन्हाळ्यात पूर्ण कापावेत का?

मांजरवेडी
कापू नका, रोज विंचरा. आणि वेगळा धागा काढा.

कळंबारोड
फिनेल बंद केलं. कप्पा उद्या मागं हलवते, नळाला लांब पाईप जोडते. एकच विचारायचंय. तांबू तीन पायांचा आहे, ट्रकखाली आला होता. कधीच भुंकत नाही. कुणी खाली बसलं की हळूच येऊन पाठीला पाठ लावून बसतो. सगळे पिल्लूच मागतात म्हणून त्याला आत ठेवत होते. रविवारी त्याला सतरंजीवर आणू का?

जुना_राजारामपुरीकर
आणा की. पहिला त्यालाच आणा. मी पण येतो, पत्ता मेसेज करा.