पात्राचं गुपित बाकीच्या खेळाडूंना सांगावं का?

वीसफाशी: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘पात्राच्या मनातलं टेबलावर बोलून दाखवणारे खेळाडू आळशी.’ आळशी? डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवायच्या खेळात, दीड वर्ष मी क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र टाकणारी पुजारीण, खेळले. तिची श्रद्धा उडालेली. दर मंत्राला तिला धास्ती, आज देव ऐकणार नाही. हे फक्त मला आणि खेळ चालवणाऱ्या डीएमला ठाऊक. मोहीम अर्ध्यात बंद पडली, तेव्हा सांगून टाकलं. चोर खेळणारा म्हणाला, ‘अगं, आधी बोलायचंस. त्या पडक्या देवळात मी तुझ्याशेजारी येऊन बसलो असतो.’ तो प्रसंग राहूनच गेला.

कोपऱ्यातला_चोर: ते मी लिहिलं. चौघांना माहीत असलेलं गुपित कसलं? १९८४ चा पॅरानॉइया हा खेळ घ्या. प्रत्येक जण म्युटंट, प्रत्येक जण गुप्त संघटनेत, आणि दोन्हींची शिक्षा मरण. तिथे पत्ते उघडे टाकून खेळणार काय?

वीसफाशी: तिथे मेलात तर पुढचा क्लोन, म्हणजे त्याच पात्राची नवी प्रत, येतो. दगा हाच तो खेळ. दीड वर्ष जपलेल्या पात्राला तो न्याय लावू नका.

मंगळवारची_पार्टी: मला गुपितापेक्षा कुजबुजीचा संताप येतो. डीएम एकाला घेऊन बाल्कनीत, आम्ही वीस मिनिटं चिवडा खात बसलेलो.

आजन्म_डीएम: कॉल ऑफ कथुलू या भयकथेच्या खेळात ज्याच्या पात्राला वेड लागतं, त्याला काय दिसतंय ते मी त्यालाच चिठ्ठीवर देतो. तो भिंतीकडे बघून ओरडतो आणि बाकीचे खरोखर दचकतात. चिठ्ठीला दहा सेकंद लागतात.

मंगळवारची_पार्टी: तुमच्याकडे दहा सेकंद! आमच्याकडे डीएमचा मित्र सहा सत्रं गुप्त मेसेज करत होता आणि शेवटी आमचंच सोनं घेऊन पळाला. वर म्हणे, ‘माझं पात्र असंच वागलं असतं.’ गट फुटला. त्यातल्या दोघी आजही एकमेकींशी बोलत नाहीत.

कोपऱ्यातला_चोर: एकाच्या पापाचं खापर सगळ्या चोरांवर फोडू नका.

वीसफाशी: ‘संशयकल्लोळ’मध्ये फाल्गुनरावाचा संशय खोटा आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. रंगत त्यानेच येते ना?

कोपऱ्यातला_चोर: प्रेक्षक खुर्चीत असतो. मी फाल्गुनराव आहे. सगळं माहीत असताना संशय आणू कुठून?

वीसफाशी: फाल्गुनराव करणारा नटही संहिता वाचूनच उभा राहतो.

कोपऱ्यातला_चोर: बरं, क्लेरिकचं दुःख आधी सांगा, तेवढं मान्य. दगा मात्र मी सांगून करणार नाही.

मंगळवारची_पार्टी: मग पहिल्याच सत्रात सांगा की दगा चालेल. ज्याला नको तो तेव्हाच उठेल.