मदत हवी आहे : चार ते सहा वर्षांच्या मुलांना पावसाळ्यात टेकडीवर नेताना (पुणे)

नमस्कार. आमच्या सोसायटीतल्या काही मुलांना मी आणि अजून एक आई मिळून रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर घेऊन जातो. मुलं ज्युनियर केजी ते पहिलीतली. क्लास नाही, फी नाही. मातीत बसावं, पानं चुरगाळून वास घ्यावा, किडे जवळून बघावेत, एवढंच डोक्यात आहे. पावसाळा तोंडावर आलाय आणि मला हे बंद पडू द्यायचं नाहीये. ज्यांनी इतक्या लहान मुलांबरोबर असं काही केलंय त्यांनी कृपया सांगा.

माझा मुख्य प्रश्न : बोलायचं किती? सोबत आलेले मोठे लगेच सुरू होतात, "हा गिरिपुष्प बरं का, हा बाहेरून आणून लावलाय. हा करंज. आता सांग, मघाचं झाड कुठलं?" दोन मिनिटांत मुलं पांगतात. उलट मे महिन्यात एका खडकाच्या आडोशाला भुसभुशीत मातीत बोटभर रुंदीचे खड्डे दिसले. एका मुलाने गवताच्या काडीने कडेची माती जराशी पाडली, तर तळातून कुणीतरी सपकन माती वर उडवली! मग सगळे पोटावर आडवे. एक मुंगी घसरत खाली गेली आणि दिसेनाशी झाली, तेव्हा कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. तळाशी दबा धरून बसलेली ती अळी मोठी झाली की चतुरासारखा पंखांचा कीटक होते, हे मला सांगायचं होतं, पण सांगितलं नाही. अशा वेळी गप्प बसावं की सांगावं?

दुसरं म्हणजे पालक. सर्दी, चिखल यावर मी समजूत घालू शकते, पण सापांची भीती खरी आहे. टेकडीवर घोणस आणि नाग आहेत. पाच वर्षांच्या मुलाला पाळता येतील असे नियम कोणते?

आणि खिसे! जे दिसेल ते घरी न्यायचं असतं. मध्ये एकीने गुंजा गोळा केल्या होत्या, त्या मी काढून घेतल्या तर ती रडून बेजार. सगळ्यालाच नाही म्हटलं तर हातात घेण्यासारखं उरतं काय?

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं बालवाडी चालवली. तुम्ही गप्प राहिलात ते योग्यच केलंत. मुलाने विचारलं की सांगा, आणि तेही एकच वाक्य. पुढच्या रविवारी तेच मूल त्याच खड्ड्यापाशी जाऊन दुसरा प्रश्न विचारेल, तेव्हा दुसरं वाक्य.

दर वेळी नवी जागा शोधू नका. एक झाड आणि त्याच्या आजूबाजूची जमीन धरा, पावसाळाभर तिथेच जा. चार हात दोरी न्या, तिची टोकं बांधून गवतावर गोल टाका आणि आत काय काय आहे ते बघायला सांगा. ही मुलं टेकडीभर हिंडून दमतात, पण गोलात बराच वेळ रमतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर मृगाचे लाल मखमली किडे चुकवू नका, थोडेच दिवस दिसतात. तळहातावर घेऊन पाय मोजू द्या. आठ भरतील. सहा पायांचा मुंगळा शेजारी असला की पुढचं काम मुलं स्वतःच करतात. गणपतीनंतर तेरड्याची पिकलेली बोंडं आहेतच, बोट लावलं की फुटतात. पाऊस संपल्यावर कुसळी गवताचं सुकलेलं कुसळ ओल्या तळहातावर ठेवा. ते हळूहळू गिरकी घेतं. ओल मिळाल्यावर असंच फिरत फिरत ते बी जमिनीत शिरतं.

यात नवीन काहीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. शाळाच कुरणात गेली. पानं, बिया, शिंपले हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य. तुमच्या सोबतच्या पालकांना हे जरूर सांगा, त्यांचा धीर वाढेल.

प्रतिसाद २

सापांबद्दल. मुलांसाठी दोनच नियम ठेवा : जिथे डोळा पोचत नाही तिथे हात घालायचा नाही, आणि दगड फक्त मोठ्यांनी उलटायचा. उलटताना पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढायचा, म्हणजे खाली काही असलंच तर ते पलीकडे निघून जातं. बघून झालं की दगड हळूच होता तसा ठेवायचा, खाली राहणाऱ्यांचं ते घर आहे. गमबूट आणि पूर्ण पँट सक्तीची. पायाला जखम असेल तर डबक्यात उतरायचं नाही, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) धोका असतो. प्रतिसर्पविष जवळच्या कुठल्या रुग्णालयात मिळतं ते आधीच विचारून ठेवा. दंश झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. तो भाग हलू द्यायचा नाही आणि 108 ला फोन.

गुंजा काढून घेतल्यात ते बरोबर. बी चावली गेली तर जीवघेणी आहे. कण्हेर, धोतरा, एरंडाच्या बिया यांनाही हात नको. खाजकुइलीच्या शेंगा आधी तुम्ही ओळखायला शिका. बाकी साधं ठेवा : झाडावरचं तोडायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं, घरी एकच वस्तू न्यायची. कोणती न्यायची हे ठरवताना मुलं प्रत्येक वस्तू नीट निरखतात.

ज्या रविवारी धो धो पाऊस असेल त्या दिवशी सोसायटीतला कढीपत्ता बघा. कोवळ्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी सापडेल, मोठी झाली की हिरवी होते. तिला काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. कोष झाला की साधारण दहा-बारा दिवसांत फुलपाखरू बाहेर येतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दोरी आजच काढून ठेवली. दगड आपल्याकडे उलटायचा हे खरंच माहीत नव्हतं, पालकांच्या ग्रुपवर टाकते. अजून एक विचारते : एवढ्या लहान हातांना भिंग कसं द्यावं? दांड्याचं द्यावं की गळ्यात अडकवायचं? आणि चश्मा असलेल्या मुलाला त्यातून बघायला जमतं का?