मदत हवी आहे : अग्निशामक सिलिंडर चालवण्याचा सराव सोसायटीत कसा घ्यावा?

नमस्कार. नागपुरातील मनीषनगर भागात आमची सात मजली, अठ्ठावीस सदनिकांची सोसायटी असून सचिवपदाचे काम माझ्याकडे आहे. प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ सहा किलोचे एबीसी पावडरचे (लाकूड-कापड, तेल आणि वायू अशा तिन्ही प्रकारच्या आगींवर चालणारे) सिलिंडर आणि मीटर खोलीबाहेर कार्बन डायऑक्साइडचे एक सिलिंडर टांगलेले आहे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार दर जानेवारीत आणि जुलैत लागणारे ‘बी’ नमुन्यातील, म्हणजे आगीची उपकरणे चालू स्थितीत असल्याचे, प्रमाणपत्र आम्ही परवानाधारक संस्थेकडून वेळच्या वेळी घेतो. कागदोपत्री सारे चोख असूनही मे महिन्यात आमची फजिती झाली.

दुसऱ्या मजल्यावरील एका घरी भर दुपारी कूलरमधील पाणी संपले, पंपाची वायर जळली आणि वाळून कोळ झालेल्या खसच्या ताट्यांनी पेट घेतला. चौकीदारभाऊ सिलिंडर घेऊन धावत आले, पण पिन काही निघेना. मी शेजारीच उभा होतो. एका हाताने त्यांनी वरची मूठ आणि खालची मूठ अशा दोन्ही घट्ट आवळून धरल्या होत्या व दुसऱ्या हाताने ते पिन ओढत होते. जितके आवळावे तितकी ती अधिकच अडकत होती. शेवटी घरातील काकूंनी मेन स्विच बंद केला आणि बादलीभर पाणी ओतले. कूलर गेला, भिंत काळी झाली, एवढ्यावर निभावले. नंतर विचारपूस केली तेव्हा कळले, की अठ्ठावीस घरांत एकानेही सिलिंडर कधी चालवून पाहिलेले नाही. मीही नाही.

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच शहरात आहे आणि आम्हाला पिन काढता येत नाही, याची लाज वाटते. भिंतीवरचा तक्ता वाचून हे येईल असे मला वाटत नाही. सराव कसा घ्यावा, भरलेले सिलिंडर त्यासाठी वाया घालवावे लागते का, आणि मीटर खोलीत आग लागल्यास दोहोंपैकी कोणते सिलिंडर वापरावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात मी बरीच वर्षे काम केले. नवख्यांपैकी निम्मे लोक पिनेपाशीच अडतात, त्यामुळे चौकीदारांना बोल लावू नका. सिलिंडर जमिनीवर टेकवावे, वरच्या मुठीला हात न लावता पिन पिळून सील तोडावे आणि मगच उचलावे.

सरावासाठी नवे सिलिंडर नको. पुनर्भरणाला जाणारी सिलिंडर तसेही रिकामी करावीच लागतात. जुलैत तपासणीला येणाऱ्या संस्थेला ती तुमच्या मोकळ्या जागेत, त्यांच्या देखरेखीखाली, लोकांच्या हातून रिकामी करायला सांगा. लोखंडी परातीतील छोटी आग पुरते. वारा पाठीशी आणि बाहेर पडण्याची वाट मागे ठेवून, सहा ते आठ फुटांवरून, ज्वाळेच्या शेंड्यावर नव्हे तर बुडाशी मारा करत नळी डावी-उजवीकडे फिरवायची. मारा काही सेकंदच टिकतो, हे हाताला एकदा कळले की माणूस उगाच दुरून सुरुवात करत नाही.

मीटर खोलीत कार्बन डायऑक्साइड बरा, कारण मागे पावडरचा थर राहत नाही. मात्र त्याच्या हॉर्नला, म्हणजे तोंडाशी असलेल्या कर्ण्याला, हात लावू नये, तो इतका थंड होतो की कातडी भाजल्यासारखी होते. आणि कोंदट खोलीत आत शिरून मारा करू नये, जीव गुदमरतो. त्याला दाबाचा काटा नसतो, वजन करूनच भरलेले आहे की नाही ते कळते. खोली धुराने भरली असेल तर सिलिंडर विसरून सर्वांना बाहेर काढावे आणि १०१ ला फोन करावा.

काकूंनी आधी वीज तोडली व मग पाणी ओतले, हा क्रम अगदी योग्य होता. खसमध्ये निखारा आत धुमसत राहतो, नुसत्या पावडरीने तो थंड होत नाही. आणखी एक: दोन सेकंद जरी वापरले तरी सिलिंडर परत टांगू नये, झडपेत पावडर अडकून उरलेला दाब हळूहळू निघून जातो.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. जुलैच्या तपासणीलाच सराव ठेवतो. एक शंका राहिली: भरलेले सहा किलोचे सिलिंडर प्रत्यक्षात नऊ-दहा किलोंच्या घरात जाते आणि दुपारी घरी असतात त्या बहुतेक साठीच्या पुढच्या काकू. त्यांच्यासाठी घरोघरी दोन किलोचे घेतले तर ते पुरेसे ठरेल का?